रोज सहाला, पाच मिनिटं

आमची गाडी धूरतपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत आणि आईने भांडी आपटली. मी मात्र हसले, आणि ते दोघांनाही लागलं. पण हसू नको तर काय करू? आमच्या घरात त्या गाडीइतके लाड कुणाचेच झालेले नाहीत. माझे तर नाहीतच.

बाबा निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, गाडी अंगणात एका जुन्या फुलाफुलांच्या चादरीखाली उभी असते. रोज संध्याकाळी सहाला बाबांच्या मनगटावरचं घड्याळ वाजतं. बाबा चादर काढतात, तिची नीट घडी घालतात, गाडी चालू करतात, घड्याळात बघून पाच मिनिटं थांबतात, बंद करतात आणि पुन्हा चादर पांघरतात. बाहेर जायचं म्हणाल तर वर्षातून चार-पाच वेळा, आणि तेही अशा वेगाने की सायकलवाले मागे वळून बघतात.

याच गाडीवर आता आईचा डोळा होता. एकसष्टाव्या वर्षी, घरात चकार शब्द न काढता ती शिकवणीला गेली आणि एक दिवस परवानाच आणून टेबलावर ठेवला. "माझ्या बहिणीच्या दारात ही गाडी मी स्वतः नेऊन उभी करणार," ती म्हणाली. मावशी नव्वद किलोमीटरवर राहते. आजवर तिच्याकडे जायचं ते बाबांच्या मनात आलं तरच, आणि बाबांच्या मनात सहसा येत नाही.

"आधी तपासणी होऊ दे," म्हणून बाबांनी किल्ली खिशात टाकली होती. आणि आता हे असं झालं. नियम सरळ होता. तिसऱ्यांदा नापास झाली की गाडीचे कागद रद्द आणि गाडी तिथूनच केंद्रामागच्या भंगारात. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. दुसरी गाडी काही आमच्या दारात येणार नव्हती. म्हणजे आईचा परवाना कपाटात जाऊन बसणार, आणि आई त्यावर एक शब्दही बोलणार नाही. मला तिच्या त्या न बोलण्याचीच भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी दोनला आम्ही कोपऱ्यावरच्या मेकॅनिकबाईंच्या गॅरेजात उभे होतो. बाई हुशार. त्यांनी हवेचा फिल्टर बदलला होता, ऑइल बदललं होतं, प्लग नवे बसवले होते, सगळे सेन्सर तपासले होते. तरी धुराचा आकडा मर्यादेच्या दुप्पट.

"मला तर काही सुचेनासं झालंय," म्हणत त्यांनी एक प्लग काढला. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला नवाकोरा प्लग काजळीने काळाकुट्ट झाला होता. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मग बाबांकडे पाहिलं.

"काका, गाडी वापरता ना?"

"रोज!" बाबा अभिमानाने म्हणाले. "अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही."

"कुठे जाता?"

"जातो कुठे? अंगणातच. पाच मिनिटं चालू करतो आणि बंद करतो."

बाईंनी प्लग खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि तपासणीला कसे गेलात?"

"केंद्र मागच्याच गल्लीत आहे. हळूहळू नेली. रांग मोठी होती, म्हणून बंद करून ठेवली तासभर. तेवढीच तिला विश्रांती."

मेकॅनिकबाई एका टायरवर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. बाबांचा चेहरा पडला. आई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो.

"काका," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "गाडी ठणठणीत आहे हो! तुम्ही तिला एकदा तरी तापू दिलंत का? थंड इंजिन नुसतं पेट्रोल पितं आणि काजळी धरतं. धूर स्वच्छ करणारा जो डबा असतो ना मागच्या नळीत, तो तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. अकरा वर्षं तुम्ही तिला उठवताय आणि तोंड धुवायच्या आत परत झोपवताय!"

मग त्यांनी प्लग घासून बसवला आणि फर्मान काढलं. हमरस्त्यावर जायचं. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून, चांगली पाऊण तास पळवायची. तशीच तापलेली केंद्रावर आणायची. आणि काहीही झालं तरी इंजिन बंद करायचं नाही.

हमरस्त्याला लागलो तेव्हा साडेतीन वाजले होते. बाबा चालवत होते. काटा चाळीसवर.

"अहो, दाबा!" आई म्हणाली.

"दाबलाय की."

मागून दुधाचा टँकर आला, हॉर्न वाजवून पुढे गेला. त्याच्या मागून एक ट्रॅक्टरही येताना दिसला, आणि मग मात्र आईचा संयम संपला.

"बाजूला घ्या. इंजिन चालू ठेवून उतरा."

बाबा खरंच उतरले. आई बसली, आरसा आपल्याकडे वळवला, पहिला, दुसरा, तिसरा. गाडीने असा काही आवाज काढला की मी मागच्या सीटवर बाबांनी सोबत घेतलेल्या त्या फुलाफुलांच्या चादरीला मिठी मारली. मागे काळ्या धुराचा लोट उठला. ट्रॅक्टरवाला त्यात दिसेनासा झाला.

"अगं मोडेल ती!" बाबा ओरडले.

"मोडू दे! नाहीतरी पाचला भंगारातच जायचीय!"

ऐंशी झाले. खिडक्या थरथरत होत्या, आई हसत होती, मी किंचाळत होते, आणि मला मान्य करायला हवं, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. मागे पाहिलं तर धूर करडा झाला होता. थोड्या वेळाने पाहिलं तर धूरच नव्हता. "आई, मागे नुसता रस्ता दिसतोय!" मी ओरडले. बाबांनीही मान वळवून पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

पावणेपाचला केंद्रावर पोचलो. पुढे सहा गाड्या. आई थांबली आणि बाबांचा हात सवयीने किल्लीकडे गेला. आईने त्यावर चापट मारली.

"पण एवढ्या रांगेत..." बाबा म्हणाले आणि एकदम दार उघडून उतरलेच. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही, तो माणूस प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकून हात जोडत होता. "जरा पुढे जाऊ द्या हो! आमची गाडी तापलीय! थंड झाली तर सगळं संपलं!" लोकांना काय कळलं कोण जाणे, पण एकेक जण हसत बाजूला झाला.

तपासनीसाने नळीत कांडी सरकवली. बाबा यंत्राच्या पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. आईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. आकडा चढला, थांबला, आणि उतरू लागला.

"पास," तपासनीस जांभई देत म्हणाला. "निम्म्याच्याही खाली. फिरती ठेवलेली दिसतेय गाडी."

आम्ही तिघंही एकदम मोठ्याने हसलो. बिचारा दोन पावलं मागे सरकला.

फाटकातून बाहेर पडताना आईने उजवीकडचा सिग्नल दिला.

"घर डावीकडे आहे," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

बाबांनी माझ्या मांडीवरच्या चादरीकडे पाहिलं, समोर पाहिलं, आणि पट्टा लावला. शहर मागे पडलं. मी मावशीला फोन करून स्वयंपाक वाढवायला सांगत होते, तेवढ्यात टीं-टीं आवाज आला. सहा वाजले होते. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ वाजत होतं.

बाबांनी बटण दाबून ते बंद केलं.

"चालू आहे ती," ते घड्याळाला म्हणाले. मग आईकडे न बघता हळूच पुढे म्हणाले, "चौथा टाक आता."