प्लास्टिकच्या माणसाचे गुडघे

आलापल्लीच्या लाकूड डेपोत श्रीहरी मेश्रामांचा शब्द शेवटचा मानत. सागाच्या लठ्ठ्यांची, म्हणजे ओंडक्यांची, प्रत ठरवण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. लठ्ठ्याभोवती फेरी मारायची, गाठी, चिरा, पीळ बघायचा आणि खडूनं आकडा टाकायचा. एकचा आकडा त्यांच्या खडूतून क्वचितच उतरे. घरीही तोच खाक्या. रुखमाबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी भाजी कशी झाली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्या नंबराची. मीठ चढलं." तेव्हापासून बाईंनी विचारणंच सोडलं.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात ते चंद्रपूरला दीक्षाभूमीच्या सोहळ्याला गेले, पाहुण्यांच्या सेवेत. तिथं ओकुदा नावाच्या जपानी गृहस्थांशी त्यांची गाठ पडली. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे बोलणं जमलं. ओकुदा खेळण्यांच्या कारखान्यात साचे करत. सागाचं काम करणारा माणूस भेटला म्हणून ते बसमध्ये बसून थेट आलापल्लीला आले, दोन दिवस राहिले आणि डेपोत श्रीहरींच्या मागे मागे फिरले. एका सरळसोट देखण्या लठ्ठ्यावर श्रीहरींनी तीनचा आकडा टाकला, तेव्हा ओकुदा थबकले. श्रीहरींनी त्यांना टोकाकडून आत शिरलेली केसाएवढी चीर दाखवली. ओकुदा उकिडवे बसून ती बराच वेळ पाहत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात जपानहून पार्सल आलं. खोक्यावर ढाल घेतलेल्या यंत्रमानवाचं चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटी आणि चौकटींना लटकलेले एकशेबारा बारीक तुकडे. सोबत चिठ्ठी होती. ‘हे साचे माझे आहेत. कारखान्यात सगळे छानच म्हणतात. तुम्ही लाकूड पाहता तसं हे जोडून पाहा आणि खरी प्रत कळवा.’

श्रीहरींनी ते काम सरकारी हुकमासारखं अंगावर घेतलं. सूचनांचा कागद जपानीत, पण चित्रं स्पष्ट होती. दाढीच्या ब्लेडनं त्यांनी आधी सगळेच्या सगळे तुकडे कापून काढले आणि डेपोत थप्प्या लावतात तसे आकारानुसार परातीत मांडले. मग चार रविवार ओसरीवर बैठक. डिंक लागत नव्हता. खुंटी भोकात दाबली की टक्‌ आवाज व्हायचा आणि तुकडा बसायचा. जोड इतके नेमके, की नख फिरवलं तरी अडत नव्हतं. असं काम त्यांनी सुताराच्या हातूनही पाहिलं नव्हतं.

उभा करायची वेळ आली आणि घोटाळा झाला. गुडघे सरळ होईनात. पांढराशुभ्र गडी पाय अर्धे मुडपून पुढे कलायचा. श्रीहरींनी दोन दिवस खटपट केली आणि मग पत्र लिहायला घेतलं. ‘जोड उत्तम. कडा उत्तम. गुडघ्याच्या साच्यात दोष. प्रत दुसरी.’

रुखमाबाई शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होत्या. "एवढ्या दुरून पाठवलं त्या मानसानं," त्या म्हणाल्या. "पयला नंबर लिवून देल्यानं का बिघडते?"

"त्यानं खरं मांगतलं," श्रीहरी म्हणाले, आणि पत्र पोस्टात टाकून आले.

आठवडाभरानं बाई ओसरी झाडत होत्या. कलता गडी त्यांनी हातात घेतला, गुडघा वाकवून पाहिला, मग दुसरा वाकवून पाहिला.

"अजी, ह्या दोन वाट्या एकसारख्या नाई होत."

"कोनत्या वाट्या?"

"गुडघ्याच्या. ब्लाऊजच्या बाह्या कशा दिसाले सारख्या, पन पुढची बाजू जरा जास्त खोल कापलेली राह्यते. उजवी बाही डावीकडे लावली का खांदा तानते. तसंच झालं हे. तुमी अदलाबदल केली."

श्रीहरींनी चष्मा लावला. टाकून न दिलेल्या रिकाम्या चौकटी काढल्या. प्रत्येक तुकड्याचा नंबर चौकटीवर कोरलेला होता, तुकड्यावर नव्हता. सगळं आधी कापून ठेवलं तेव्हाच नंबर हातचे गेले होते. ब्लेडच्या टोकानं त्यांनी पाय उघडले, वाट्या बदलल्या. टक्‌, टक्‌. गडी ताठ उभा राहिला.

श्रीहरी तीन दिवस डेपोत गेले, आले, जेवले. जपानात बसलेल्या माणसाला हे कळायचं काही कारण नव्हतं. गावातही कोणाला ठाऊक नव्हतं. पण एक माणूस आपल्या सांगण्यावरून चांगला साचा मोडायला बसला असेल, हा विचार पाठ सोडत नव्हता. आणि त्याहून वाईट विचार दुसराच होता. सत्तावीस वर्षांत असे किती लठ्ठे झाले असतील? लठ्ठे तर पत्र लिहीत नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. ‘दोष साच्यात नाही, प्रत ठरवणाऱ्यात आहे. भाग मी उलटे बसवले. माझ्या बायकोनं चूक पकडली. प्रत पहिली.’ रुखमाबाईंना त्यांनी ते मराठीत सांगितलं. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं आणि पुन्हा चालू केलं.

उत्तर दिवाळीनंतर आलं. ओकुदांनी लिहिलं होतं, ‘पहिलं पत्र वाचून मी साचा तपासला, दोष सापडला नाही. दुसरं पत्र आल्यावर पुन्हा तपासला, आणि सापडला. इतके सारखे भाग माणसाच्या हातून बदलणारच, हे मी आधी ओळखायला हवं होतं. नव्या साच्यात डाव्या वाटीला आतून ठिपका दिला आहे. तुम्ही आधी दिलेली दुसरी प्रतच कायम ठेवा. बाईंना नमस्कार सांगा.’

"मंग चुकलं कोन?" रुखमाबाईंनी विचारलं.

श्रीहरींनी पत्राची घडी घातली. "आता मले नाई सांगता येत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डेपोत नवा माल उतरला होता. श्रीहरींनी एका जाड लठ्ठ्याभोवती फेरी मारली, खडू टेकवला आणि थांबले. पोचू नावाचा हमाल बाजूला उभा होता. पंधरा वर्षं तो हेच लठ्ठे लोटत आला होता, पण त्याला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

"पोचू, तुले काय वाटते?"

पोचूला आधी थट्टा वाटली. साहेब वाट पाहत आहेत असं दिसल्यावर त्यानं पंच्यानं हात पुसले, लठ्ठ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि खाली वाकला.

"भाऊ, इकडून पाहा जरा," तो म्हणाला.

श्रीहरी खडू खिशात टाकून तिकडे गेले.