काचेचा थर

"अप्पा, खुर्ची थोडी पुढं घ्या. समोर पडदा आहे."

"घेतली. तू आता देवाचं दार उघड बाबा," सदाशिवबुवा हसले.

मोहालीच्या नॉलेज सिटीतली ती प्रयोगशाळा अंधारी केली होती. बुवा अंबाजोगाईचे, जन्म कीर्तनात गेला. "प्रयोग जमला की बोलावतो," असं त्यांचा मुलगा विश्वनाथ दर दिवाळीला फोनवर सांगायचा. प्रयोग जमला, तोवर काचबिंदूने बुवांची नजर नळीतून पाहावं एवढीच ठेवली होती. आज संध्याकाळची परतीची गाडी होती.

"सोन्याचे बारीक कण आहेत, अप्पा. त्यांवर काचेचा थर, वर लाल चमकणारा रंग. सोनं जवळ असलं की रंग कितीतरी जास्त उजळतो."

"अन् चिकटलाच तर?"

"सोनंच त्याचा उजेड गिळतं. म्हणून तर मध्ये काच."

"अन् लई लांब राहिला तर?"

"मग सोनं असून नसल्यासारखं."



विश्वनाथने लेसर सुरू केला. पडदा काळाच. त्याने जोर वाढवला. काळाच.

शेजारी उभी असलेली सहकारी हरलीन कुजबुजली, "काँच का स्पेसर कितना रखा?"

"और पतला किया. इनको दिखना चाहिए था ना."

"यार! गोल्ड खा गया सब. पुराना सैंपल लगा दे."

"उसी को पतला किया."

कालचा उजेड बरा होता. पण अप्पांच्या नजरेला पुरेल का, या धास्तीने सकाळी त्याने काच झिजवायला तोच नमुना आम्लात धरला होता. नवा करायला आठवडा लागणार होता.

"दिसला रे!" बुवा एकदम म्हणाले.

विश्वनाथचा हात बटणावरच राहिला. "काय दिसलं, अप्पा?"

"निळा. कीर्तनात सांगतो ना, घननीळ, अगदी तसा. डोळ्याचं पारणं फिटलं बघ."

हरलीनला मराठी येत नव्हती, पण 'निळा' हा शब्द कळला. तिने विश्वनाथकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो अप्पा," तो म्हणाला. "निळाच असतो."

"मग कामून गप झालास? चल, गाडी चुकंल."

बुवा उठले, उपरणं सावरलं, आणि त्या उजेडाला त्यांनी मनोभावे हात जोडले. अंधारात उठताना ते वळले होते; समोर भिंत होती. पडदा त्यांच्या उजव्या हाताला राहिला होता.