बारशाच्या दिवशी आलेलं पाणी

"साहेब, आमच्याकडे येणारा पूर आत्ता या क्षणी कुठे कॉफी पीत बसलाय?"

प्रश्नाला तोंड माझं होतं, अक्कल मात्र लोरेना आणि पेत्राची. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पाणीखात्याचे विदाकोविच साहेब पुराचा इशारा द्यायला आले होते आणि आम्ही तिघी मागच्या बाकावर जांभया देत होतो. लोरेना कानात म्हणाली, "विचार बघू. हिंमतच नाही तुझ्यात." पेत्रा म्हणाली, "तेना विचारणार? ही हजेरीला 'आहे' म्हणतानासुद्धा लाल होते!"

मागच्या वर्षीपर्यंत ते खरं होतं. यंदा मला काय झालंय कोण जाणे, हात आपोआप वर जातो आणि मग तोंडालाही मागोमाग जावंच लागतं.

अख्खा हॉल खो खो हसला. पहिल्या रांगेत बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. साहेब मात्र हसले नाहीत. ते नकाशाकडे वळले आणि म्हणाले, "चला, एकीने तरी कामाचं विचारलं. पूर आत्ता वरच्या डोंगरांत आहे."

"पण इथे तर लख्ख ऊन पडलंय!" योझा काका ओरडले. ते आमचे शेजारी. हवामान ही आपली खासगी मालमत्ता आहे, असं त्यांना वाटतं.

"काका, सावा नदी तुमच्या आभाळाकडे बघून येत नाही. समुद्रावरचे ढग डोंगरांना अडलेत आणि आठवडाभर तिथेच रिते होतायत. जंगलातली माती पिऊन पिऊन तट्ट फुगलीय. आता पडेल तो थेंब सरळ ओढ्यात, ओढ्यातून नदीत. तिकडे कुपा नदीचंही तेच चाललंय. एक नदी आधी येऊन गेली आणि दुसरी मागून आली, तर तुम्हाला सवड मिळेल. पण सिसाकच्या संगमावर दोघी एकदमच पोहोचल्या, तर..." आणि साहेबांनी एका तळहातावर दुसरा असा आपटला की पेत्रा दचकून बाकावरून घसरली.

"सावा सभ्य बाई आहे," योझा काका म्हणाले. "दार वाजवून येते. संत मार्टिनचा वाइनचा सण उरकू दे, मग आणू घोडे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात ही चूक वाडवडिलांपासून चालत आलीय. घरं नदीकाठच्या उंचवट्यावर आणि घोड्यांचं कुरण मागे, खोलगट भागात. त्यामुळे सगळे दुर्बिणी लावल्यासारखे समोरच्या नदीकडे बघत बसतात आणि पाणी येतं मागच्या कालव्यातून, चोरपावलांनी. तरी ते हळूहळू चढतं, म्हणून आजवर निभावलं.

पण त्या कुरणात माझी घोडी लास्ता होती. आणि लास्ताचं पिल्लू मिश्को, जे शहाण्या शिंगरांसारखं वसंतात न जन्मता उन्हाळा सरत आल्यावर जन्मलं. सगळे पाय, अंग जवळजवळ नाहीच! मोठे घोडे छातीभर पाण्यातून सहज चालत येतात. मिश्कोची पाठच जेमतेम त्यांच्या छातीशी. पाणी चढलं तर तो कुरणातल्या टेकाडावर अडकणार, आणि टेकाडही काही कायम वर राहत नाही.

सणाच्या दिवशी सकाळी मी कार्लोवात्सच्या मावशीला फोन लावला. तिचं घर कुपाच्या काठावर.

"अगं, काठावरचे बाक बुडालेत! आज दुपारी पाणी सगळ्यात वर जाणार म्हणे. तुझे काका फोटो काढायला गेलेत, वाहून नाही गेले म्हणजे मिळवली."

मग झाग्रेबच्या मामाला. सावाकाठी सायकल चालवतो तो.

"माझी सायकलची वाट गेली पाण्याखाली, तेना. दुपारपर्यंत चढेल, मग उतरेल असं बातम्यांत सांगतायत."

मी जिन्यात बसकण मारली. इकडेही दुपारी, तिकडेही दुपारी. तिथून सिसाक दोघींनाही साधारण सारखंच लांब. म्हणजे दोन वराती एकाच वेळी एकाच अरुंद पुलाकडे निघाल्यात, दोन्हीकडचे वऱ्हाडी तुफान नाचतायत, आणि पुलाच्या पलीकडे आम्ही! उद्या ते सगळं आमच्या अंगावर येणार आणि उद्या गावातला एकही पुरुष जेवणाच्या आधी उठणार नाही, कारण आज द्राक्षरसाचं बारसं.

बारसं म्हणजे, नोव्हेंबरात कोवळ्या रसाची दारू होते तेव्हा गावातला एक जण खोटा बिशप बनतो, आशीर्वाद देतो आणि रसाला वाइन म्हणायची परवानगी देतो. त्याआधी कुणी घोट घ्यायचा नाही. यंदाचे बिशप होते माझे बाबा, श्टेफ. कितीतरी वर्षं ते नुसते घंटा वाजवणारे सेवक होते, त्यामुळे बढतीचा आनंद घरात मावत नव्हता. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते आरशासमोर कापसाची दाढी चिकटवत होते आणि अंगावर आईचा दिवाणखान्यातला पडदा होता.

"बाबा, घोडे आजच आणायला हवेत. दोन्ही नद्या एकदम येतायत."

"बेटा, बिशप घोडे हाकत नाहीत."

"बाबा, मिश्को बुडेल!"

"उद्या आणू. टोपी सरळ आहे का बघ."

आई ओट्याशी सणाचा हंस भाजत होती. ती म्हणाली, "राहू दे ग. श्टेफच्या डोक्यावर टोपी आहे तोवर त्याला देवाचंही ऐकू येणार नाही. आणि माझ्या पडद्याला डाग पडला तर मी त्याचंच बारसं करीन."

हॉलच्या अंगणात पिंप मांडलं. सगळं गाव पेले घेऊन उभं. बाबांनी काठी आपटली, रसाला नास्तिक म्हणून झापलं, त्याच्या पापांची यादी वाचली, लोक हसून हसून वाकले. मग नेहमीचा प्रश्न आला: "या रसाच्या बारशाला कुणाची हरकत?"

आमच्या गावचा नियम असा, की इथे कुणीतरी थट्टेची हरकत घेतो, बिशप तिचा निकाल लावतो आणि मगच पिंप उघडतं. निकालाशिवाय नाही. दर वर्षी योझा काका म्हणतात, "रस पाणचट आहे," आणि बिशप म्हणतो, "तुझ्या अकलेपेक्षा घट्ट आहे." काकांनी तोंड उघडलं, पण माझा हात आधी वर गेला होता.

"माझी हरकत आहे! बिशपांचे घोडे पाण्यात आहेत!"

हशा पिकला. बाबा हसत म्हणाले, "घोडे उद्या येतील. हरकत फेटाळली!"

"उद्या पाणी येईल," मी म्हणाले. आवाज थोडा चिरकला, पण निघाला. "कुपा आज कार्लोवात्सला शिगेला पोहोचतेय, सावा आज झाग्रेबला. मी दोन्हीकडे फोन केलेत. दोघी संगमावर एकदम येणार, आणि कुरणात सगळ्यांचेच घोडे आहेत, नुसते आमचे नाहीत. घोडे घरी आले की हरकत मिटली. तोवर पिंप बंद."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तहानलेल्या गावाची नजर फार भयंकर असते.

"ए श्टेफ," मागून कुणीतरी म्हणालं, "नियम तो नियम."

"माझा घसा वाळवंट झालाय," योझा काका कळवळले. "आणू या बाबा ते घोडे. पोरीचं खोटं ठरलं तर तिला वर्षभर पेले धुवायला लावू."

"कबूल!" मी म्हणाले.

अशी आमची मिरवणूक कुरणाकडे निघाली. पुढे बिशप, मागे घंटावाला, मग चपट्या होड्या ओढणारे लोक, आणि लोरेना-पेत्रा रिकामे पेले वाजवत. उतारावर पोहोचलो आणि वाजवणं थांबलं. कालव्याच्या बाजूने पाणी कुरणात शिरलं होतं. गवत हललंही नव्हतं, नुसतं गुपचूप चमकत होतं.

"ही आज इथे?" योझा काका पुटपुटले. "दार न वाजवता?"

नंतर त्यांनीच सगळ्यात मोठ्याने हुकूम सोडले. मी दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. लास्ताने टेकाडावरून मान उचलली आणि पाणी उडवत निघाली. लास्ता निघाली की सगळा कळप निघतो, राणीच आहे ती! एक एक करून सगळे घोडे मधली पाण्याने भरलेली घळ ओलांडून आले. मिश्को घळीच्या पलीकडे उभा राहिला आणि त्याने आयुष्यातली पहिली खोल नदी बघितली. मग तो माझ्याकडे बघून जोरात किंचाळला.

लास्ता उलटी फिरली. मी तिची आयाळ धरून कमरेपर्यंत पाण्यात शिरले. पाणी इतकं गार, की मी देवापासून गणिताच्या बाईंपर्यंत सगळ्यांच्या नावाने ओरडले.

"तेना, तिथेच थांब!" बाबा ओरडले आणि टोपी, काठी, पडदा यांसकट त्यांनी उडी मारली. पडदा फुग्यासारखा फुगला. दाढी सुटून वाहत गेली. पलीकडे जाऊन त्यांनी मिश्कोच्या ढुंगणाला खांदा लावला.

"बिशपजी, बारसं रसाचं आहे, घोड्याचं नव्हे!" होडीतून काका ओरडले.

"तुमचंच करतो, या खाली!" बाबा गरजले आणि ढकललं.

मिश्को बुडाला. नाक दिसेनासं झालं. आणि मग नाक वर आलं, कान आले, ते लांबलचक पाय खाली कुठेतरी धावू लागले आणि तो पोहला! आईच्या कुशीला नाक लावून, फुरफुरत, थेट काठापर्यंत! काठावर येऊन त्याने अंग झटकलं आणि सगळं गाव भिजवलं. मी हसत होते की रडत होते, ते मलाही सांगता येणार नाही.

हरकत मिटली. पिंप उघडलं. बिशपांनी कुडकुडत आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बांधावर उभे होतो. कुरण नव्हतंच. टेकाडही नव्हतं. क्षितिजापर्यंत पाणी, आणि त्यावर ऊन असं नाचत होतं, जणू काही झालंच नाही. योझा काकांनी डोळ्यांवर हात धरून टेकाड शोधून बघितलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून ते कालचे पेले धुवायला गेले. योझा काका स्वतः पेले धुवायला गेले, हे गावात अजून सांगतात.

घरी उरलेला हंस होता. बाबा ब्लँकेटात, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. आई पडद्यावरचा चिखल घासत होती. मी काटा खाली ठेवला आणि उभी राहिले. बसून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. यापुढे आपले घोडे कुरणातून कधी आणायचे, ते मी सांगणार."