कडी लावलेलं फाटक

मी एक पुस्तक बोलतोय. माझ्या मुखपृष्ठावर जळालेल्या निलगिरीला फुटलेली हिरवी पालवी आहे. सगळ्यांना ती आवडते. मला तिची लाज वाटते.

टालूरा गावाभोवतीचं रान जळालं, त्या उन्हाळ्यानंतर माझा जन्म झाला. घरं गेलेल्यांना मदत मिळावी म्हणून गावकऱ्यांनी आपापल्या गोष्टी लिहिल्या आणि शहरातल्या मेरेडिथ नावाच्या संपादिकेने त्या फुकट नीटनेटक्या करून दिल्या. ती मनाने चांगली होती. म्हणूनच तिला कुणी अडवलं नाही.

माझ्यातली शेवटची गोष्ट ग्लेनिसची. तिचा नवरा रॉस वॉल या शेजाऱ्याचे घोडे सोडवायला आगीत परत गेला. या मुलखात पोरांना चालण्याआधी एक गोष्ट शिकवतात: फाटक उघडलंस तर मागे लाव, नाहीतर गुरं सुटतील. रॉस वॉलच्या आवारात शिरला आणि जन्मभराच्या सवयीने त्याने मागे कडी लावली. मग आतलं घोड्यांचं कुंपण उघडलं. घोडे धावले ते त्या बंद फाटकाकडेच. धुरात रॉसलाही कडी सापडली नसावी. दुसऱ्या दिवशी सगळे तिथेच मिळाले.

ग्लेनिसने हे जसंच्या तसं लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं: आग आली की फाटकं उघडी टाका. मेरेडिथने ते बदललं; माझ्यात मात्र फाटक उघडंच आहे आणि पहाटे घोडे राखेतून घरी परततात. मी छापून आलो तेव्हाच ग्लेनिसला ते कळलं.

“लोकांना आशा हवी असते हो,” मेरेडिथ फोनवर म्हणाली.

ज्यांच्या डोक्यावर अजून ताडपत्री आहे, त्यांनीच इतरांना आशा का पुरवायची?

आगीच्या वर्षदिनी गावच्या हॉलमध्ये ग्लेनिसला वाचायला उभं केलं. घोड्यांचं कुंपण उघडेपर्यंत तिने वाचलं आणि मला मिटलं.

“पुढचं खोटं आहे. रॉसने मागे कडी लावली होती.”

वॉलने कपबशी खाली ठेवली.

“अगं, मेलेल्या माणसाला मूर्ख कशाला ठरवतेस?” वॉल पुटपुटला.

“मूर्ख नव्हता तो. तुझ्यामाझ्यासारखाच होता. आत्ता हॉलच्या आवारात येताना तू फाटक लावलंस ना?”

“लावलं. नाहीतर माझ्या आईने थडग्यातून उठून कान पिळला असता.”

लोक हसले. ग्लेनिस हसली नाही. मग वॉलही खाली बघू लागला.

“माझे घोडे परत येतात ते पान मी रोज वाचतो, ग्लेनिस,” तो म्हणाला. “तेवढं राहू दे गं.”

“वाच. पण फाटक उघडं ठेवून वाच.”

तिने मला खुर्चीवर ठेवलं आणि टोपी न घेताच निघून गेली. बाकीच्यांनी चहा संपवला, उरलेले केक बांधून घेतले, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवले. हळूहळू गाड्या गेल्या. वॉल सर्वांत शेवटी निघाला.

मी अजून त्याच खुर्चीवर आहे. खिडकीबाहेर गवत पुन्हा कमरेएवढं वाढून वाळलंय आणि उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटलाय. वॉल गेला तेव्हा हॉलच्या फाटकावर कडी पडल्याचा आवाज मी ऐकला.

मला उचलणाऱ्या वाचका, माझं शेवटचं पान नंतर वाच. आधी बाहेर जा आणि ती कडी काढ.