मारुतीपुढली जागा

रेणुकानं ताशाच्या काडीनंच त्या माणसाला मागं सारलं. तो हसत हसत हटला आणि लगेच पुन्हा तृप्तीच्या ढोलापुढं येऊन हात वर करून नाचायला लागला. तृप्तीचा ठोका चुकला, तशी रेणुकानं काड्या उचलून धरल्या. वादन पुन्हा थांबलं.

केदारखेड्याच्या मारुतीपासून मांडवाकडं निघालेला नवरदेवाचा परण्या देवळापुढंच अडला होता. नवरदेव कल्याण घोड्यावर, घोड्यापुढं राधाकिसन मास्तरांचा बँड आणि बँडच्याही पुढं नवीन जालन्यातल्या मुलींचं ढोल-ताशा पथक. बँड नवरदेवाच्या भागवतमामांनी सांगितला, पथक त्याच्या मित्रांनी. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. पथकाची प्रमुख रेणुका ही बँडमास्तरांचीच मुलगी, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर सकाळपासून थट्टा चालली होती.

भागवतमामा गर्दीतून पुढं आले.

"काय थांबलात, पोरींनो? एखादं चालू गाणं वाजवा की."

"ढोलावर गाणं वाजत न्हाई, मामा. आम्हाला गोल जागा पाहिजे. मधी कुणी यायचं न्हाई."

"लग्नात नाचायचं न्हाई म्हणता?"

"बँडपुढं नाचायचं असतं. आमच्यापुढं उभं राहून बघायचं असतं. कल्याणभाऊंना बराबर सांगितल्तं मी."

"मंग पोलिसांची परेडच आणायची ना," मामा म्हणाले आणि भोवतालचे खिदळले.

रेणुकाची कानशिलं तापली. मैदानावर ऊन खात, कमरेवर दोरीचे वळ उठेपर्यंत सराव केला होता मुलींनी, तो काय या टोळक्यानं अंगावर येऊन धिंगाणा घालावा म्हणून? तिला सगळ्यांचा राग आला आणि सगळ्यांत जास्त मागं गप उभ्या असलेल्या बापाचा. लाल कोट घालून, ट्रंपेट काखेत धरून तो खाली बघत होता. ती त्याचा बँड सोडून पथकात गेली तेव्हा तो म्हणाला होता, बडवणं म्हणजे वाजवणं न्हाई. त्यानंतर तिचं वादन ऐकायला तो एकदाही फिरकला नव्हता. आज तरी त्याला घोड्यापुढून हलता येणार नव्हतं. ऐकावंच लागणार होतं. नाहीतर लग्नातलं वादन तिनं घेतलंच नसतं.

"पुन्हा," ती मुलींना म्हणाली. "सुरुवातीपासून, पहिल्या हातापासून."

ताशा कडाडला, ढोल उठले आणि तेवढ्यात मागून ट्रंपेट वाजलं.

लग्नातलं सगळ्यात उडतं गाणं होतं ते. शिट्ट्या पडल्या. नाचणारे गर्रकन मागं वळले. एकाचं वादन चालू असताना दुसऱ्यानं गप राहायचं, एवढी साधी रीत. ती त्याला माहीत नसावी?

रेणुका गर्दी कापत त्याच्यापाशी गेली.

"आबा, बंद करा."

त्याचे गाल फुगलेले होते. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. पाठ फिरवून तो चालायला लागला. मागून बँड निघाला आणि बँडभोवती नाचत सगळं टोळकं. तृप्तीला छळणारा माणूसही त्यात होता.

"माणसंसुद्धा पळवली," रेणुका परत येत म्हणाली. "जळतात माझ्यावर. दुसरं काय."

तृप्ती टाचा उंचावून बघत होती.

"ताई, पण ते कुठं चाललेत?"

मांडव उजवीकडं होता. बँड डावीकडच्या बोळात शिरला होता. तो बोळ पिठाच्या गिरणीवरून गोठ्यांपाशी जाऊन संपतो, तिकडं कुणाचं काही लग्न नव्हतं. नवरदेवाला सोडून बँडवाला कधी कुठं जात नाही. कल्याण घोड्यावर एकटाच ताटकळत बसला होता आणि मामा धोतर सावरत बोळाकडं पळत होते.

"ओ मास्तर, नवरदेव इकडं राह्यला ना."

ट्रंपेट थांबलं नाही. दूर दूर जात राहिलं.

मारुतीपुढं आता बायका आणि म्हातारी माणसं तेवढी उरली. ती पाराला टेकून, पदर-उपरणी सावरून बघायला बसली. मधली जागा आपोआप मोकळी झाली होती, चांगली ऐसपैस.

रेणुका त्या जागेकडं बघत राहिली. राग गेला नाही, उलट वाढला. जागा मिळाली होती, आणि ज्याला ऐकवायचं तोच निघून गेला होता.

"कुणी सांगितल्तं यांना जागा करून द्यायला," ती पुटपुटली.

"ताई, घ्यायचं का?"

तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि ताशा गळ्यात नीट केला.

"घ्या. पण जीव खाऊन वाजवा. गोठ्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."