मास्टर, बाह्या संपल्या!

मावशी हा शब्द मोठा लबाड आहे. घरात म्हटला तर आईची बहीण, हक्काची आणि लाडाची. तोच शब्द कामाच्या ठिकाणी उच्चारला की ऐकणाऱ्याला एकदम तहान लागते. गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात कटिंग टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत, आणि बाहेरून आलेलं गिऱ्हाईक हटकून त्यांनाच विचारी, "मावशी, जरा पाणी मिळेल का?" मावशी हातातली भली मोठी कात्री खाली ठेवत, पाणी देत आणि परत कात्री उचलत. त्यांना त्यात काही वाटत नसे. म्हणजे, वाटत नाही अशी त्यांची समजूत होती.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. खिडक्यांच्या बाजूला शिलाई मशीनच्या रांगा, मागे काजं-बटणं करणाऱ्या मुली, कोपऱ्यात वाफेत बुडालेला इस्त्रीवाला, आणि मधोमध कटिंग टेबल. शाळांचे शर्ट, दवाखान्यांचे डगले, सगळं ह्या टेबलावरून जायचं. कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, खडूने आखायचं आणि मग कापायचं. एक साचा तिरका पडला की खालच्या सगळ्या थरांतल्या बाह्या तिरक्या. म्हणून टेबल सांभाळणारा माणूस कारखान्यातला मोठा माणूस. त्याला मास्टर म्हणतात.

जुन्या मास्टरांच्या हाताखाली मावशींनी अर्धं आयुष्य काढलं होतं. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा मास्टर घरी बसले आणि मालक म्हणाले, "मावशी, नवा माणूस मिळेपर्यंत टेबल तेवढं बघा." मावशींनी बघितलं. गणवेशांचा एक हंगाम गेला, दुसरा गेला, नवा माणूस काही मिळेना आणि मावशी बघतच राहिल्या. कारखान्यात एक जुनी पद्धत होती. मशीनवरचा कापलेला माल संपला की मान वर न करता ओरडायचं, "मास्टर, बाह्या संपल्या!" नाहीतर, "मास्टर, कॉलर!" मशीनच्या खडखडाटात टेबलापाशी कोण उभं आहे हे बघायला वेळ कोणाला? मास्टर गेले, हाक राहिली. हाक आली की मावशी "आणते!" म्हणत आणि गठ्ठा घेऊन निघत. ही हाक टेबलाला आहे असं सगळे धरून चालले होते, मावशीसुद्धा.

मग एका सकाळी मालक एका मिशीवाल्या गृहस्थांना घेऊन आले. मालकांच्या मेहुण्यांच्या ओळखीतले.

"हे आपले नवे मास्टर," मालक म्हणाले. "मावशी, ह्यांना जरा शिकवून द्या."

"काय शिकवू?"

"तसं सगळंच. आत्तापर्यंत त्यांनी पडदे शिवलेत."

पडद्यांना बाह्या नसतात, हे मावशी बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मालक, शिकवायचं मीच, तर मास्टर मला का नाही केलंत?"

मालक मनापासून चकित झाले. माणूस वाईट नव्हता, दुखणं तेच होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हे कोणाच्या घरी आजारपण आलं की फळं घेऊन जाणारे. "अहो मावशी, तुम्ही तर घरच्या! पण मास्टर म्हणजे पुरुषमाणूस लागतो हो. कापडवाल्यांशी बोलायचं, गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं. शिवाय तो शब्दच बाईला बसत नाही. मास्टरचं बाईमाणूस काय होतं? मास्तरीण! म्हणू का तुम्हाला मास्तरीण?"

सगळा कारखाना हसला. मावशीही हसल्या. घरी जाताना मात्र त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती मालकांच्या हसण्याची नव्हती, स्वतःच्या हसण्याची होती.

मावशींचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे. शांत माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "अगं, काम तेच आहे, पगार चालू आहे. नाव काय चाटायचंय?"

"मग उद्या दुकानावरची तुमच्या नावाची पाटी उतरवा," मावशी म्हणाल्या. "नाव काय चाटायचंय?"

यजमान एका निर्दोष कुलपात तेल घालू लागले. पण त्या दिवशी नणंद आलेली होती. ती एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होती, आणि ते पद तिलाही कोणी ताटात वाढून दिलेलं नव्हतं. "वहिनी, उद्या काम सुटलं की माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. "कायदा मदत केंद्रात. पैसे लागत नाहीत. फक्त रडायचं नाही. तुम्ही रडलात की मी रडणार, आणि तिथल्या वकीलबाईंना बारमाही सर्दी. तिघींना रुमाल पुरायचे नाहीत."

"पण वन्सं, मी काय बोलू तिथे?"

"झालं ते बोला. आणि मेहुण्यापासून सुरुवात करू नका."

मावशींनी सुरुवात मेहुण्यापासूनच केली. सायकलच्या दुकानावरची ती एवढीशी खोली, वकीलबाईंचं नाक लाल, आणि मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू. वकीलबाईंनी दोनदा शिंकून त्यांना थांबवलं.

"राग बरोबर आहे हो. पण कायद्याला राग दाखवून भागत नाही, फरक दाखवावा लागतो. काम तुम्ही करत होता. जागा भरायची वेळ आली तेव्हा ती ज्याला काम येत नाही त्याला दिली. का दिली?"

"तो पुरुष म्हणून."

"हे तुमचं म्हणणं, की कोणी बोललं?"

"मालकच बोलले. चारचौघात. हसत हसत."

"हसत बोलले तरी बोललेच," वकीलबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. आधी मालकांना लेखी तक्रार द्यायची, पोच घ्यायची, एक प्रत आपल्याजवळ ठेवायची. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर कामगार कार्यालय. तिथला अधिकारी दोघांना समोर बसवून तोडगा काढायला बघतो. तिथेही नाही जमलं तर कोर्ट. तो रस्ता लांबचा, पण बंद नाही. "फक्त मनात धरून बसू नका. तक्रारीला मुदत असते. ती उलटली की खरं असूनही हात बांधले जातात."

मावशींनी खरा प्रश्न तेव्हा विचारला. "आणि त्यांनी मला काढूनच टाकलं तर?"

"तक्रार केली म्हणून काढलं, हलवलं, त्रास दिला, तर ती वेगळी तक्रार होते. आणि ती पहिलीपेक्षा त्यांना जड जाते. आता सांगा, तुमच्या बाजूने कोण बोलेल?"

मावशींनी मनातल्या मनात कारखान्याला एक चक्कर मारली. इस्त्रीवाला मालकांचा जुना माणूस. मशीनवरच्या बायका घरसंसाराच्या धाकाने मान खाली घालणाऱ्या. नव्या मास्टरांच्या तर पोटावरच पाय येणार. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना फार एकटं वाटलं.

तक्रार वाचून मालकांचा चेहरा पडला. "मावशी, घरातलं भांडण असं चव्हाट्यावर आणायचं?"

"घरातलं असतं तर मला वाटणी मिळाली असती, मालक."

"असं? मग उद्यापासून काजं-बटणांवर बसा."

पण नणंदेने त्यांच्याकडून एक वाक्य इतकं घोकून घेतलं होतं की घरी कुलपात तेल घालताना यजमानही ते पुटपुटत. मावशींनी ते एका दमात म्हणून टाकलं, "तक्रार केली म्हणून हलवताय, हे मला लिहून द्या." मालक तावातावाने आपल्या वकिलाला फोन करायला केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, फोनवर आधी ते बोलत होते, मग नुसतेच ऐकत होते. बाहेर आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने. "टेबलावरच राहा," ते म्हणाले.

इकडे नवे मास्टर चांगले निघाले. ही आणखी एक पंचाईत. शिकायची हौस होती, चूक झाली की कबूल करत, गिऱ्हाइकाने मावशींकडे पाणी मागितलं की स्वतः उठून देत. अशा माणसाचा राग तरी कसा करणार? मावशींनी प्रयत्न केला, जमला नाही, मग मुकाट्याने त्याला खांद्याची गोलाई शिकवली.

तक्रारीला लेखी उत्तर काही आलं नाही, म्हणून मावशी कामगार कार्यालयात गेल्या. तिथल्या बैठकीत मालक म्हणाले, "मावशी मदतनीस आहेत, मास्टर हे." मावशी म्हणाल्या, "काम मी करते." अधिकारी काटकुळे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. दोघांचं ऐकून ते म्हणाले, "मी येऊन बघतो."

ते आले त्या सकाळी कारखाना कधी नव्हे इतका शहाण्यासारखा वागत होता. मालकांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं, "विचारलं तर 'मावशी मदत करतात' एवढंच सांगायचं." नवे मास्टर कडक इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाच्या तोंडाशी. मावशी शेजारी. आज निभावलं नाही तर पुढे कोर्ट, आणि तेवढा दम आपल्यात आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

"टेबल कोण बघतं?" अधिकाऱ्यांनी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"मावशी मदत करतात," वाफेतून आवाज आला.

मशीनवरच्या पहिल्या बाईने तेच सांगितलं. दुसरीने तेच. तिसरीने तर काही विचारायच्या आतच सांगून टाकलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. मावशींचं अवसान गळालं. इतकी वर्षं ह्या बायकांची बाळंतपणं, भांडणं, रडणी सगळी आपण ऐकली, आणि आज एकीच्याही तोंडून एक खरा शब्द फुटत नाही. डोळ्यांत पाणी येऊ लागलं तसं त्यांनी वन्संचा रुमालांचा हिशोब आठवून ते परतवलं.

आणि मागच्या रांगेतून, मान वर न करता, खड्या आवाजात हाक आली, "मास्टर, बाह्या संपल्या!"

"आणते!" मावशी म्हणाल्या. विचार करायला वेळच नव्हता. गठ्ठा उचलून त्या निघाल्यासुद्धा. नवे मास्टर जागचे हलले नव्हते. हाक आपल्याला नाही हे त्यांनाही अंगवळणी पडलेलं होतं.

मालक खाकरले. "जुनी सवय आहे हो, साहेब. ती हाक टेबलाला असते."

"टेबलाला?"

"हो."

"टेबल 'आणते' म्हणालं," अधिकारी मृदूपणे म्हणाले.

मालक काही बोलणार, तेवढ्यात नव्या मास्टरांचं घोडं अडलं. साहेबांसमोर स्वस्थ कसं बसायचं म्हणून त्यांनी एक साचा मांडायला घेतला होता, आणि तो काही केल्या बसेना. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी मागे वळून हाक मारली, "मास्टर! ही पट्टी उभी घ्यायची की आडवी?"

एकेक मशीन थांबलं. शेवटी इस्त्रीची वाफ तेवढी ऐकू येत राहिली.

"आपणच मास्टर ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"मग हाक कोणाला मारलीत?"

नवे मास्टर मिशीपर्यंत लाल झाले. त्यांनी मालकांकडे पाहिलं, मग गठ्ठा पोचवून परत येणाऱ्या मावशींकडे पाहिलं. "मास्टरांना," ते म्हणाले. "मी त्यांच्याकडे शिकतोय, साहेब. त्यांना दुसरं काय म्हणू?"

मावशींना काय वाटलं ते सांगता येत नाही. त्यांनी फक्त टेबलाची कड घट्ट धरली.

मग वाफेतून इस्त्रीवाला बाहेर आला. मालकांचा जुना माणूस, पण आता त्याला राहवेना. "मालक, परवा तुम्हीसुद्धा दारातून ओरडलात ना, मास्टर, डगले झाले का? हे तर तेव्हा जेवायला गेले होते." मशीनवर एकजण फस्सकन हसली. मग दुसरी. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या, आणि अधिकाऱ्यांना कोणाचं ऐकावं कळेना. मालक स्टुलावर बसले. त्यांच्या तोंडून तरी खोटं किती निघणार? हाक त्यांनी मारली होती.

कार्यालयातल्या पुढच्या बैठकीत समझोता झाला. मावशी कटिंग मास्टर, तेही लेखी, आणि जुने मास्टर गेले त्या दिवसापासून. मिशीवाल्यांनी त्यांच्या हाताखाली शिकायचं, आणि त्यांनीच ते आनंदाने मागून घेतलं होतं. सही करताना मालक जरा कुरकुरले, "पण तुम्हाला म्हणायचं काय? तो शब्द बाईला बसत नाही हो."

"बसतो की," मावशी म्हणाल्या. "तुम्ही घालून बघितला नव्हतात."

मालकांना हसू आवरलं नाही. या वेळी मावशी आधी हसल्या होत्या, आणि घरी जाईपर्यंत त्यांना त्या हसण्याचा राग आला नाही. यजमानांनी दारातच विचारलं, "मग? पाटी कुठे लावायची?"

दुसऱ्या दिवशी कापडाचे थर अंथरून झाले होते. एका गिऱ्हाइकाने आत येऊन पाणी मागितलं, ते मिशीवाल्यांनी दिलं. खडू, साचे, कात्री, सगळं रोजच्यासारखं. मागच्या रांगेतून मान वर न करता हाक आली.

"मास्टर, बाह्या संपल्या!"

गठ्ठा तयार होता, हाताशीच होता. पण टेबलामागून "आणते" आलं नाही. मास्टर खाली मान घालून कापडावरची नसलेली सुरकुती पुसत राहिल्या, हाक ऐकूच आली नसावी अशा. आणखी एकदा ऐकायची होती त्यांना.