वहूला हॉर्न

पुण्यात सायकलवाल्याला माणूस समजत नाहीत, अडथळा समजतात. मी तिथे कॉलेजपासून सायकल चालवली, पुढे नोकरीलाही सायकलनेच जायचे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. सायकलसाठी वेगळा ट्रॅक आखलेला असतो आणि त्यावर पाणीपुरीची गाडी उभी असते. ट्रॅक सोडून रस्त्यावर आलं की मागचा कारवाला काच खाली करून विचारतो, ट्रॅक कशासाठी दिलाय? लग्नाआधी मी सुरतेत नोकरीला होते. तिथले रस्ते रुंद, पूल तर विचारूच नका, पण गाडी उलट्या बाजूने बिनधास्त अंगावर येते. फरक एवढाच, की पुणेकर शिकवून जातो आणि सुरती हसून जातो. ढोपरं दोन्हीकडे सारखीच फुटतात.

मग माझं लग्न तापीकाठच्या गावात धीरजशी झालं. दोन्ही घरं गुजर समाजाचीच, पण माझे वडील नोकरीसाठी पुण्याला गेले ते तिथलेच झाले, म्हणून मला गाव माहीत ते सुट्टीपुरतं. सासू-सासरे नव्हते. घरात मोठे म्हणजे धीरजचे थोरले भाऊ रतिलालभाऊ आणि त्यांची बायको रंजनाभाभी. धीरज केळी बघायचा, रतिलालभाऊ ऊस. मला पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीजवळ, एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी मिळाली आणि मी सुरतेहून रेल्वेने आणलेली सायकल बाहेर काढली.

गावाला ते काही पटलं नाही. घरात दोन ट्रॅक्टर, एक जीप, आणि वहू सायकलवर? वहू म्हणजे सून. रतिलालच्या घरी स्कूटीपुरतेही पैसे नाहीत का, असं लोक विचारायला लागले. धीरज दर आठवड्याला स्कूटीचा विषय काढायचा आणि मी दर आठवड्याला नको म्हणायचे. खरं सांगायचं तर त्या घरात मी सगळ्यांचीच कुणी ना कुणी होते. सायकलवर असेपर्यंत मी कुणाचीच कुणी नसायचे. तेवढा एक तुकडा मला हवा होता आणि तो सोडायची माझी तयारी नव्हती.

दुसरा प्रश्न डोक्याचा. मोठ्या माणसांसमोर वहूने डोक्यावरून पदर घ्यायचा, ही रीत आमच्या घरात अजून आहे. सायकलवर मी ड्रेस घालून आणि हेल्मेट चढवून बसायचे. हेल्मेटला पदर मानायचं की नाही, यावर ओट्यावर बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी रंजनाभाभीनेच निकाल दिला, की डोकं झाकलं म्हणजे झालं, कशाने झाकलं ते कोण विचारतंय. भाभी मला त्या दिवसापासून आवडायला लागली.

जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याशी वहूने बोलायचं नाही, समोर यायचं नाही. रतिलालभाऊ घरात शिरताना दारातच खाकरायचे, मग मी आत व्हायचे. काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे बघून भाभीला सांगायचे आणि मी तिच्या शेजारी उभी राहून ऐकायचे. मला सुरुवातीला हसू यायचं, नंतर सवय झाली. माणूस मात्र सरळ होता. आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, आणि ट्रॅक्टरवर कुणाला बसू देत नसत, स्वतःच चालवत.

रस्त्याचं म्हणाल तर पहिले काही दिवस जो तो थांबून पंक्चर झाली का विचारायचा. जीपवाला सायकल टपावर टाकतो म्हणायचा. मोटरसायकलवाला शेजारी येऊन, वेग कमी करून, माझं माहेर कुठलं, माझ्या मामाचं आडनाव काय, हे विचारत राहायचा, आणि मागून ट्रक आला तरी उत्तर घेतल्याशिवाय हलायचा नाही. पुण्यात मला इतका आपुलकीचा धोका कधी झाला नव्हता.

मग गळीत हंगाम लागला. सकाळी रस्ता उसाने भरून जायचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यातून ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि वर ठणाणा गाणी. मी घाबरले होते, पण आश्चर्य म्हणजे एकही गाडी माझ्या जवळून जाईना. समोरून यायच्या तेवढ्याच, मागून कुणीच नाही. मागे कुठेतरी ट्रॅक्टरचा आवाज असायचा, गाणी न लावलेला. हंगामात कुणी मागे वळून ट्रॅक्टर बघत बसत नाही, सगळेच सारखे. मी पुण्याच्या सायकल ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं, की तुम्ही स्वतःला सुसंस्कृत म्हणवता, एकदा आमच्या नंदुरबार जिल्ह्यात या आणि ड्रायव्हर कसा असतो ते बघा. दोघीतिघींनी तर राहायला येतो म्हणून कळवलं.

माघ सुरू झाला तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मागचा आवाज नेहमीपेक्षा जवळ होता. मी कडेला झाले, तो पुढे जाईना. मी वेग कमी केला, त्यानेही केला. त्याच्याही मागे हॉर्नचा नुसता कल्ला चाललेला, आणि हा बाबा ना हॉर्न देतोय ना पुढे जातोय. पुण्यात असं कुणी मागे राहिलं की त्याचा अर्थ एकच असतो. मी आधी घाबरले आणि पाठोपाठ संताप आला. ओढ्याच्या मोरीजवळ मी सायकल आडवी घातली, वळले आणि न बघताच सुटले, की बाईच्या मागे लागायला लाज नाही वाटत का, आईबहीण आहे की नाही घरी. बोलून झाल्यावर वर बघितलं. स्टिअरिंगवर रतिलालभाऊ होते. मान पूर्ण वळवून शेजारच्या कापसाकडे बघत होते. त्यांच्या मागे गाड्यांची लांबच लांब रांग, आणि आता एकही हॉर्न वाजत नव्हता. सगळे ऐकत होते.

मी कामावर कशी पोचले मला आठवत नाही.

संध्याकाळी घरी सगळं आधीच कळलेलं होतं. रतिलालभाऊंचा कारखान्याच्या वजनकाट्यावरचा नंबर गेला होता, उसाने भरलेल्या ट्रॉल्या दिवसभर आवारात तशाच उभ्या राहून संध्याकाळी कुठे रिकाम्या झाल्या होत्या. त्याचं कुणाला फारसं वाटत नव्हतं. धीरज मात्र माझ्याशी बोलत नव्हता. जेठाला भर रस्त्यात आईबहिणीवरून ऐकवणारी वहू पंचक्रोशीत दुसरी झाली नसेल. भाभीने मला चुलीमागे घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुले काय वाटनं, रोज नवा ट्रॅक्टर व्हता? तोच रोज तुन्हा मांगे ऱ्हास."

मग तिने बाकीचं सांगितलं. हंगाम लागल्यापासून रतिलालभाऊ मला पुढे घालूनच चालत होते. भरल्या ट्रॉल्यांचा वेग आणि माझ्या सायकलचा वेग जवळजवळ सारखाच. ते रस्ता अडवून चालले की मागच्या कुणाला पुढे जाता येत नसे. काट्यावरची माणसं त्यांना चिडवायची, की रतिलाल आज बी वरात लई उना, म्हणजे आजही वरात घेऊन आला. त्यांनी घरी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

ग्रुपवर मी ज्या ड्रायव्हरांचं एवढं कौतुक केलं होतं, ते सगळे म्हणजे एकच माणूस होता.

ओसरीवर रतिलालभाऊ भाभीला सांगत होते, म्हणजे मला सांगत होते, की रविवारी स्कूटी येईल आणि सायकल माळ्यावर जाईल. आवाजात राग नव्हता, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती. भाभीने माझ्या वतीने विचारलं, की पुढे का नाही निघून जात मग. त्यावर ते भिंतीला म्हणाले, "घरनी वहूले हॉरन कसा वाजाडू? ती काय रस्तामानी म्हैस शे?"

हॉर्न देणं म्हणजे हाक मारणं, आणि जेठ वहूला हाक मारत नाही. हॉर्न न देता दोन ट्रॉल्या तिच्या जवळून पुढे न्यायच्या, तर बाहेर आलेला ऊस तिला लागणार. म्हणून ते मागे राहत होते. पुण्यात मी हॉर्न देणाऱ्यांना इतक्या शिव्या घातल्या, आणि इथे कुणी हॉर्न देत नाही म्हणून माझी सायकल जात होती.

मी पदर पुढे ओढला आणि ओसरीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिले. धीरज उठून उभा राहिला. मी आधी सकाळच्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी मान हलवली असावी, मला दिसली नाही.

"भाऊ, हॉर्न वाजवा," मी म्हणाले. "वाजवलात की मी खाली उतरून बाजूला होते. पण मला असं पुढे घालून नेऊ नका."

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि त्या घरात मी त्यांच्याशी बोलत होते ते पहिल्यांदाच. ते भाभीकडे बघायला लागले, पण भाभी मुद्दाम परातीत डोकं घालून बसली होती.

"मी पुढे निंघी गऊ, की त्या मांगना समद्या तुन्हा आंगवर येतीन," ते म्हणाले. मला म्हणाले, भिंतीला नाही.

"येऊ देत," मी म्हटलं.

त्यांनी विडी काढली, पेटवली नाही. उद्या दखू, म्हणजे उद्या बघू, एवढंच बोलून ते गोठ्याकडे गेले. म्हणजे सायकल एका दिवसापुरती वाचली होती, आणि तो दिवस नीट गेला नाही तर रविवारी ती माळ्यावर जाणार, हे मला आणि घरातल्या सगळ्यांना समजलं.

सकाळी मी निघाले. गाव सुटल्यावर मागे तो आवाज लागला. वाट बघूनही हॉर्न येईना, मला वाटलं हे काही त्यांच्याच्याने होणार नाही. मग मोरी ओलांडल्यावर वाजला. इतका लहान, की तो चुकून लागला असंही म्हणता आलं असतं. मी उतरले, सायकल कडेच्या मातीत घेतली आणि पदर नव्हता म्हणून मान खाली घातली. त्यांनी ट्रॅक्टर पार पलीकडच्या साइडपट्टीवर उतरवून नेला, दोन्ही ट्रॉल्या एकामागून एक गेल्या, उसाचं पानही मला लागलं नाही.

त्यांच्या मागे जे काही इतके दिवस अडकून होतं ते सुटलं. मी नुकतीच सायकलवर बसले होते. दुधाची पिकअप गेली, तिच्या आरशाने माझी बाही ओढली. काळीपिवळी जीप हॉर्नवर हात ठेवूनच गेली. तिच्यामागे मोटरसायकली दोन्ही बाजूंनी, आणि मग ट्रक, इतका जवळून की मी हँडल सोडून दिलं आणि सायकलसकट मातीत गेले. कुणी थांबलं नाही, कुणी पंक्चर विचारलं नाही. मला रडू आलं. आपण उगाच मोठेपणा केला, मागचा तो आवाज किती बरा होता, असं मला अगदी मनापासून वाटलं.

डोळे पुसून बघितलं तर पुढे, बरंच पुढे, रतिलालभाऊंचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला थांबलेला. ते वळून बघत नव्हते. पण ट्रॅक्टरला आरसा असतो. मागच्या गाड्या त्यांना हॉर्न देत ओलांडून जात होत्या, नंबर पुन्हा जाणार होता, आणि तरी ते हलत नव्हते. मी उठेन की नाही ते बघत होते.

मी कपडे झटकले नाहीत. हँडल सरळ केलं, साखळी बसवली आणि सायकलवर बसले. चार पायडलं मारली तेव्हा पुढे ट्रॅक्टरचा धूर निघाला, ट्रॉल्या हलल्या आणि हळूहळू वळणाआड गेल्या. मागून पुन्हा एक ट्रक येत होता. मी कडेला झाले नाही, माझ्या जागेवरूनच चालवत राहिले आणि उरलेला रस्ता एकटीने कापला.